झाडांचे मोजे

पुणे,
कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "हं, पाहू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई म्हणते, तुझ्या बाबांनाच विचार. म्हणून पत्र लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, तिकिटं काढून झाली आहेत. 5 डिसेंबर, बडनेऱ्याहून, दोन्ही बर्थ खालचे. परत यायचं ते संक्रांत झाल्यावर. बाबा, कागद घडी घालून ठेवू नका, पुढचं वाचा.

"बाग टाकून कसं यायचं?" हे तुम्ही म्हणणार. पण आंबिया बहराच्या संत्र्याच्या बागेला ताण द्यायचे हेच तर दिवस. आपल्या काळ्या वावरात दीड-दोन महिने पाणी तोडावं लागतं, पानं मलूल झाल्याशिवाय फूल धरत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. झाडाला पाणीच द्यायचं नाही, तर मोटरीपाशी बसून काय करणार? ताण तोडायच्या वेळेला तुम्ही घरी असाल. तुमच्या हातानंच तोडा.

राहिला हरभरा. तो मी काकाजींच्या लहान्याला यंदा बटईनं दिला आहे. तुम्हाला न विचारता. चूक झाली असेल, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. एका हंगामापुरतंच आहे, सातबाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्यानं होत नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण मागच्या हिवाळ्यात रात्रपाळीची लाईन आली म्हणून पहाटे तीनला हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात, दवानं ओल्या झालेल्या बांधावरून घसरलात आणि मला कळलं चौथ्या दिवशी, तेही मावशीकडून. ते चार दिवस मी इथं ऑफिसात चहा पीत होते. दादाचं तर तुम्हाला माहीतच आहे.

तोडा झाला की सल, वाळक्या फांद्या, काढायची राहील. ती लहाना काढेल. ओल्या फांदीचा इंचभर भाग घेऊनच कापायचं, हे त्याला सांगितलं आहे. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. खाली उभं राहून रागवा हवं तर.

बोर्डो मलम तेवढं तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या, निघायच्या आधी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. हे मला झोपेत विचारलं तरी येतं. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत, चुना दुसरीकडे, मग दोन्ही एकत्र. आणि तुमचा तो विळा! पातं मिश्रणात बुडवून वर काढायचात. त्यावर तांबूस थर दिसला की म्हणायचात, "अजून चुना मागून राहिलं." मी चुन्याचं डबडं धरून उभी. मग कमरेएवढ्या उंचीपर्यंत एकेका बुंध्याला निळा हात फिरायचा. झाडांना थंडी वाजते म्हणून बाबा मोजे घालतात, असं मी वर्गात सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. घरी येऊन रडले, तर तुम्ही म्हणालात, बरोबरच आहे, मोजेच आहेत ते. बुंध्यातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगाची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली.

आई, आता तुझं. मोगऱ्याचं पाणी आत्ताच कमी कर, छाटणी आल्यावर जानेवारीत करू. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून कुंडी पडवीत घे. वृंदावनातलीवर रात्री जुनं धोतर टाकायला काकूंना सांगून ठेव. कढीपत्ता थंडीत पानं गाळतोच, त्याला ताक-बिक घालत बसू नको. नवीन लावलेल्या तीन आंब्याच्या कलमांना तुऱ्हाटीचं छप्पर करून घे, पूर्व-दक्षिण उघडी ठेवून, म्हणजे ऊन मिळेल. त्या रोपांना पाणी चालू ठेवायचं. मोठ्या आंब्याला मात्र मोहर येऊन कैऱ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत थेंबही नाही. लहाना दयाळू आहे, हेच भ्या वाटतं.

लेकीच्या घरी दीड महिना कसं राहायचं, हेही तुमच्या मनात असणार. जावयांनीच बाज शोधून आणली आहे, नवारीची. लोखंडी पलंगावर बाबांना झोप येत नाही हे त्यांच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. गॅलरीत अकरापर्यंत ऊन असतं. लिफ्ट आहे. संडास देशी पद्धतीचाही आहे. ज्वारी चांगली मिळते, चक्की खालीच आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची मांडणी इथं करू, कलशाला आंब्याची डहाळी मी आणीन. रोडगे जमणार नाहीत, कुकरमध्ये रोडगे केलेत असं कुणाला सांगायची मला लाज वाटेल. हुरडा चुकेल, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता नीट ऐका. साखरेच्या गोळ्या पुरत्या दीड महिन्याच्या बांधून आणा. रिपोर्टांची फाईल वरच्या अलमारीत आहे. आईनं चष्मा डब्यात ठेवायचा, पिशवीत नाही. आणि बाबा, वावरात अनवाणी जायचं बंद. तळव्याला काटा टोचलेलं तुम्हाला आता कळत नाही, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं आहे. रोज रात्री आईनं कंदील नाही तर मोबाईलची बॅटरी लावून तळवे पाहायचे. हसू नका.

पोहोचायला सकाळ होईल. मी स्टेशनवर असेन, दोघंही स्वेटर घालूनच उतरा.

तुमची,
बेबी

ता. क. पार्सलात मोज्यांचे चार जोड आहेत, सुती, सैल इलॅस्टिकचे. मोरचुदाच्या रंगाचे शोधले, मिळाले नाहीत. राखाडी आहेत.