गोगलगाय उठली

प्रिय मनू,

तुझ्या चार मेसेजना मी एकही धड उत्तर दिलं नाही, कळतंय गं, म्हणून आज एकदाच बसून लांबलचक लिहितेय. ऐरोली स्टेशनवर चक्कर येऊन बसले होते ते आईने तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. नाइट शिफ्ट, सकाळी ठाण्यात घरी येऊन झोप नाही, आणि डबा न्यायचा कंटाळा, एवढंच होतं. डॉक्टर म्हणाले दहा दिवस घरी बसा. दोन दिवस रील्स बघून डोकं उठलं, मग बाल्कनीत बसायला लागले.

तर तुळशीच्या कुंडीमागे भिंतीला एक मोठी गोगलगाय चिकटलेली होती, मार्चपासून असेल. मेली समजून चमच्याने खरवडायला गेले तर शंखाच्या तोंडावर पांढुरका पापुद्रा, पोह्याच्या पापडासारखा कडक. माळीकाका म्हणाले, ताई राहू द्या, दार लावून बसलीय ती. मग मी वाचत सुटले. ही आपल्याकडची नाहीच, आफ्रिकेतली, १८४७ साली एका साहेबाने कलकत्त्याला आणून सोडली. उन्हाळ्यात ओल संपली की स्वतःच्याच चिकट स्रावाचं झाकण करून आत बसते, खाणं बंद, हृदय मंद, आणि असे महिनेच्या महिने काढते. परवा रात्री पाऊस आला तेव्हा मी टॉर्च घेऊन बसले होते (हस, हस). पापुद्रा भिजून मऊ झाला, मग एक शिंग बाहेर, बऱ्याच वेळाने दुसरं, आणि बाईसाहेब निघाल्या थेट माझ्या पुदिन्याकडे.

आता तू म्हणशील प्राण्यांकडून विश्रांती शिका वगैरे फॉरवर्ड पाठवतेयस. नाही गं, तेच तर पटत नाही मला. कंपाउंडच्या भिंतीलगत चीं चीं करत पळते ना चिचुंद्री, तिच्या जातीत विश्रांतीची चैन फार कमी. जीव जितका लहान तितकी उष्णता भराभर जाते, कटिंग गार होतो पण पातेल्यातला चहा गरम राहतो तसं, म्हणून सारखं खात राहायचं, काही तास उपास घडला तरी मरायची वेळ. युरोपातल्या एका चिचुंद्रीचं तर भन्नाटच आहे. तिला थंडीत झोपून राहता येत नाही आणि खायलाही कमी, म्हणून ती कवटीच लहान करते, साधारण १५ टक्के, मेंदूसकट, आणि वसंतात परत वाढवते. देहनेल नावाच्या पोलिश माणसाने हे १९४९ मध्ये लिहून ठेवलंय.

आणि हमिंगबर्ड, तो अमेरिकेतला टीचभर पक्षी. दिवसा हृदय मिनिटाला हजारच्या घरात, आणि गार रात्री टॉर्पर म्हणतात तशा गुंगीत गेला की पन्नासच्या आसपास. अँडीज पर्वतात एका जातीचं अंग रात्री ३.३ अंशांपर्यंत गार झालेलं मोजलंय २०२० च्या अभ्यासात! पण तेही फुकट नाही, सकाळी अंग तापवायला शक्ती जाते आणि तेवढ्यात कुणी आलं तर पळताही येत नाही.

मला सगळ्यात पटली ती आमच्या किचनमधली पाल. ट्यूबलाइटच्या बाजूला अर्धा अर्धा तास ढिम्म, किडा हातभर लांब असेल तर ढुंकूनही बघत नाही, टप्प्यात आला की झडप. थंड रक्ताची म्हणून तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या एक दशांशाच्या आसपास खाण्यात भागतं तिचं, वर शेपटीत चरबीची एफडी. आणि मी काय करत होते? झोपेत आणि डब्यात काटकसर, आणि पहाटे तीनला टीमच्या ग्रुपवर कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. म्हणजे उधळपट्टी नेमकी नको तिथे. परवापासून ग्रुप म्यूट केलाय, एकानेही विचारलं नाही गं, जरा वाईटच वाटलं.

सोमवारपासून परत जॉइन होतेय, पण डे शिफ्ट मागितलीय, बघू. तू पुण्याहून कधी येतेस? ट्रेन सुरू असतील तेव्हा ये, तुंबल्यावर नको. पुदिना संपलाय, चटणी मिळणार नाही. शेजारच्या आजी मिठाची पिशवी घेऊन गोगलगायीला शोधत होत्या, मी म्हटलं दिसलीच नाही, आणि तिला बादलीखाली लपवलंय. घरात सांगू नकोस.

तुझीच,
शमा