‘टाकून’ नव्हे, ‘सोपवून’

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या पाहता येण्याजोग्या विज्ञानपटांचा जो परिचय छापून आला, त्यात ‘मदर/अँड्रॉइड’ या २०२१ च्या अमेरिकी चित्रपटाबद्दल चार-पाच ओळी होत्या. त्यांतल्या शेवटच्या ओळीचा आशय असा होता की, आपली हिरकणी बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेली, या चित्रपटातली आई मात्र बाळ टाकून मोकळी होते. चित्रपट कुणाला आवडावा वा न आवडावा हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे. परंतु ‘टाकून मोकळी होते’ हे शब्द मला खटकले, आणि माझी सारी नोकरी शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात अधिपरिचारिका म्हणून झालेली असल्याने ते का खटकले, हे जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी मागते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांची आधीच क्षमा मागते, कारण शेवट सांगितल्यावाचून माझे म्हणणे मांडता येणार नाही. घरोघरी नोकर म्हणून राबणारे यंत्रमानव नाताळच्या सुमारास एकाएकी मालकांवर उलटतात, आणि नुकतीच दिवस गेल्याचे कळलेली जॉर्जिया (क्लोई ग्रेस मोरेट्झ) व तिचा मित्र सॅम (अल्जी स्मिथ) जीव वाचवून पळतात. पुढे कथा उघडते तेव्हा तिचे दिवस भरत आलेले आहेत आणि ती दोघे जंगलातून पायी बॉस्टनकडे निघालेली आहेत. बॉस्टन हे तटबंदी केलेले, यंत्रे निकामी करणाऱ्या विद्युतचुंबकीय स्पंदाने राखलेले शहर, आणि तिथून कोरियाला जाणारे जहाज मिळेल अशी त्यांची आशा. वाटेत लष्करी छावणीत आसरा मिळतो, सॅमच्या हाणामारीमुळे तो जातो, मग मोटारसायकलवरचा जीवघेणा पाठलाग, सॅमचे यंत्रमानवांच्या हाती सापडणे, आणि आर्थर नावाच्या एका मदतनिसाची भेट, जो प्रत्यक्षात स्वतःच यंत्रमानव निघतो. बॉस्टनमध्ये बाळ जन्मते, शहराचे कवच कोसळते, आणि धक्क्यावर पोहोचल्यावर या जोडप्याला सांगण्यात येते की बाळ नेता येईल, आई-वडिलांना नाही. ती दोघे बाळ न्यायला आलेल्या कोरियाच्या माणसांच्या हवाली करतात.

आता यात ‘टाकणे’ कुठे आले? जी बाई भरल्या दिवसांत, चालताना धाप लागत असताना, जोडीदाराला सोडवण्यासाठी शत्रूच्या गोटात शिरते, तिला मोकळे व्हायचे असते तर त्याआधी कितीतरी संधी होत्या. सॅमसोबत पुढचे आयुष्य काढायचे की नाही, याबद्दल कथेच्या आरंभी तिच्या मनात गोंधळ आहे. चित्रपट तो लपवत नाही आणि तिला त्याबद्दल शिक्षाही करत नाही, हे मला विशेष आवडले. अशा काठावर उभ्या असलेल्या मुलीही आई होतात आणि चांगल्या आई होतात, हे प्रसूतिकक्षात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते.

चित्रपटात उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. यंत्रमानवांचे बंड पुरेसे उलगडत नाही, आर्थरचे बिंग चाणाक्ष प्रेक्षकाच्या लक्षात बरेच आधी येते, आणि मधला भाग रेंगाळतो. दिवस भरलेल्या बाईला मोटारसायकलवर मागे बसवून खाचखळग्यांतून नेणारा सॅम आमच्या तपासणी कक्षात आला असता, तर मी त्याला चांगलेच फैलावर घेतले असते. पण परिचयकाराने यांपैकी एकाही गोष्टीवर बोट ठेवलेले नाही. त्यांचा राग आहे तो शेवटावर, आणि नेमका तो शेवटच या चित्रपटाचे मूळ आहे.

दिग्दर्शक मॅटसन टॉमलिन यांनी स्वतःच सांगितले आहे की, रुमेनियात १९८९ च्या क्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या जन्मदात्यांनी त्यांना दत्तक दिले, ते अमेरिकेत वाढले, आणि हा चित्रपट त्या जन्मदात्यांच्या निर्णयातून सुचला. म्हणजे धक्क्यावरचा तो प्रसंग प्रेक्षकांना रडवण्यासाठी जोडलेला नाही. तो आधी घडलेला आहे, आणि बाकीचे यंत्रमानव, जंगल व बॉस्टन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी रचलेले आहेत. रुमेनियातील उठाव १६ डिसेंबर १९८९ रोजी तिमिशोआरा शहरात सुरू झाला, २२ तारखेला हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू राजधानीतून हेलिकॉप्टरने पळाला, आणि २५ तारखेला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, त्याला व त्याच्या पत्नीला गोळ्या घालण्यात आल्या. या काही दिवसांत हजारावर माणसे मेली. चित्रपटातील यंत्रांचे बंड नाताळातच का होते, याचे उत्तर मला या तारखांत दिसते.

त्या देशातील बाळंतपणाचा इतिहास आमच्या पेशातील माणसाला विसरता येण्यासारखा नाही. १९६६ मध्ये चाउशेस्कूने ७७० क्रमांकाच्या फर्मानाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, संततिनियमनाची साधने दुर्मीळ झाली, आणि पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. मूल नसलेल्या प्रौढांवर कर बसवला गेला. पुढे १९८० च्या दशकात तर कारखान्यांतून काम करणाऱ्या स्त्रियांची, कुणी गरोदर आहे का आणि ती गर्भ पाडत तर नाही ना हे पाहण्यासाठी, तपासणी होऊ लागली. लपूनछपून केलेल्या गर्भपातांत हजारो स्त्रिया दगावल्या. हे फर्मान क्रांतीनंतर लगेच, डिसेंबर संपण्यापूर्वीच रद्द झाले आणि वर्षभरात तेथील मातामृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांना वाढवण्याची ऐपत नव्हती अशा घरांतली मुले सरकारी बालगृहांत जात. राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांतून लाखाहून अधिक मुले होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात होते. ‘अनाथ’ हा शब्द जगभरच्या बातम्यांतून त्यांना सरसकट चिकटला तो तेव्हा. पुढच्या दीड वर्षात सुमारे दहा हजार मुले परदेशी कुटुंबांत गेली. या व्यवहारातील गैरप्रकार वाढल्यामुळे १९९१ च्या उन्हाळ्यात परदेशी दत्तक देणे काही काळ थांबवावेही लागले.

बाळंतपण आणि यंत्रमानव या दोन गोष्टी एका कथेत आणणे परिचयकाराला विजोड वाटले आहे. वस्तुतः ही जोडी ‘रोबो’ या शब्दाइतकीच जुनी आहे. झेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी, आणि तो आला आहे ‘रोबोता’पासून, ज्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: वेठबिगार. त्या नाटकात सारी कामे यंत्रमानव करू लागल्यावर माणसांच्या बायकांना मुले होणेच थांबते. टॉमलिन यांच्या मनात ते नाटक होते की नाही, यावर मी काही म्हणत नाही. पण ज्या देशात सरकारने स्त्रीचे गर्भाशयच वेठीला धरले होते, त्या देशात जन्मलेल्या माणसाने वेठीला धरलेल्या यंत्रांच्या बंडात एक गरोदर मुलगी आणून ठेवावी, यात मला तरी विजोड काही दिसत नाही.

बाळाला नेणारी माणसे कोरियाची आहेत, हीही साधी बाब नाही. युद्धानंतर, १९५० च्या दशकापासून, दक्षिण कोरियाने स्वतःचीच सुमारे दोन लाख मुले परदेशात दत्तक पाठवली. चित्रपटात जहाज उलट दिशेने जाते, अमेरिकेचे मूल कोरियाकडे. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने आपल्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत दत्तक संस्थांनी कागदपत्रे बनावट केल्याचे, आणि ज्यांचे आई-वडील माहीत होते अशा मुलांचीही अनाथ किंवा बेवारस सापडलेली म्हणून नोंद केल्याचे आढळले. पन्नाशी-साठीला आलेली ती मुले आज आपल्या आईचा शोध घेतात तेव्हा त्यांच्या हाती जो कागद येतो, त्यावर कुणीतरी घाईने लिहिलेला एक खोटा शब्द असतो, आणि पुढची वाट तिथेच बंद होते.

म्हणूनच शब्दाचा हा आग्रह. आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही अनाथ मूल, सोडून दिलेले मूल आणि पालकांनी स्वतः बालकल्याण समितीपुढे येऊन सुपूर्द केलेले मूल असे तीन वेगळे प्रकार मानले आहेत, आणि तिसऱ्या प्रकारात पालकांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत ठेवली आहे. बोलताना मात्र आपण तिन्हींना एकच क्रियापद लावतो. कचराकुंडीपाशी सापडलेले अर्भकही ‘टाकलेले’ आणि ज्याच्यासाठी आईने सही करताना तीन वेळा पेन खाली ठेवले तेही ‘टाकलेले’. प्रसूतिकक्षात हा शब्द मी दाराआडून, कधी आमच्याच सहकाऱ्यांच्या तोंडून, पुष्कळदा ऐकला आहे, आणि तरुणपणी मीही तो वापरला आहे, हे कबूल केले पाहिजे.

तो वापरणे थांबले एका मुलीमुळे. तिचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. लग्न झालेले नव्हते, सोबत फक्त एक मावशी होती, आणि बाळ समितीच्या स्वाधीन करायचे हे बाळंतपणाआधीच ठरलेले होते. बाळ जन्मले तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिले आणि नोंदवहीत पूर्णांकात वेळ लिहिली. पहाटेची वेळ, दोन-चार मिनिटे इकडेतिकडे. तिने टाके घालून होईपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारले की वेळ काय लिहिली. मी सांगितल्यावर म्हणाली, “सिस्टर, तशी नको, मिनिटासकट लिहा. पुढे त्याचे आई-बाप पत्रिका करतील, तेव्हा लागेल.” मी नोंद दुरुस्त केली आणि शेजारी सही केली. पत्रिकेवर माझा स्वतःचा विश्वास नाही. परंतु त्यानंतर माझ्या नोंदवहीत अंदाजे लिहिलेली वेळ कुणाला सापडणार नाही.

हिरकणीची तुलनाही म्हणूनच मला अन्यायाची वाटते. हिरकणी दूध विकायला गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि खाली तान्हे बाळ वाट पाहत असल्याने तिने कडा उतरला, अशी कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. तिच्या बाळाकडे जायला कडा का होईना, पण वाट होती. जॉर्जियापुढचा दरवाजा बाळाला आत घेतो आणि आईला बाहेर ठेवतो. तिला उतरायला कडाच नाही. या दोघींना एका तराजूत घालून एकीला कमी ठरवण्याऐवजी परिचयकाराने चित्रपट रटाळ आहे एवढेच लिहिले असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. निदान निम्म्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमतही झाले असते.

सदर परिचय आपल्या संकेतस्थळावर अद्याप उपलब्ध आहे. तेथे ‘बाळ टाकून मोकळी होते’ याऐवजी ‘बाळ सोपवून मागे राहते’ एवढा बदल करता आला, तर तो जरूर करावा ही विनंती. ‘मागे राहते’ हे शब्द मी मुद्दाम सुचवते आहे. जहाज निघून गेल्यावर पडद्यावर तेच दिसते.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
सातारा