विकिपीडियावरचा फोटो बदलताना जरा थांबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

११ जुलै २०२५ ला रायगड, राजगड, शिवनेरी, विजयदुर्ग असे आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून विकिपीडियावर किल्ल्यांचे फोटो टाकायचा उत्साह माझ्या बघण्यात तरी खूप वाढलाय. फार छान गोष्ट आहे, पण त्यातल्या एका प्रकाराबद्दल लिहायलाच हवं.

आपण टाकतो तो फोटो बहुतेक वेळा मराठी विकिपीडियात राहतच नाही, तो विकिमीडिया कॉमन्स या सगळ्या भाषांच्या सामायिक फोटो-भांडारात जातो आणि तिथून मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, ज्याला हवा त्या भाषेचा लेख तो उचलतो. फाइल एकच. मध्यंतरी एका किल्ल्याच्या महादरवाजाचा स्वच्छ, उन्हातला फोटो होता, टाकणाऱ्याला पुढं पावसाळ्यातला जास्त आवडला म्हणून त्यानं नवीन नाव न देता 'नवी आवृत्ती' म्हणून तोच त्या फाइलवर चढवला. झालं असं की इतर भाषांतल्या लेखांत खाली ओळ 'महादरवाजा' आणि वर नुसतं धुकं, कोपऱ्यात फोटोग्राफरचं भलंमोठं नाव! फोटो त्याचाच होता हे खरं, पण एकदा सीसी बाय-एसए सारख्या मुक्त लायसन्सवर, म्हणजे नाव देऊन कोणीही वापरावा अशा परवानगीवर, दिला की तो सगळ्यांना वापरता येतो, आणि ते लायसन्स मागे घेता येत नाही. उजेड थोडा वाढवला, कड कापली, इतपत ठीक. दुसराच फोटो असेल तर दुसऱ्या नावानं टाका ना, कुठला वापरायचा ते त्या त्या लेखाचे लोक ठरवतील. फाइलच्या पानावर खाली ती कुठल्या कुठल्या विकिवर वापरलीय त्याची यादीच असते, हात लावायच्या आधी ती बघायला किती वेळ लागतो? आणि कोणी गडबड केलीच तर जुनी आवृत्ती इतिहासात असते, परत आणता येते.

व्हॉट्सॅपवर आलेले फोटो तर कृपा करून टाकूच नका. 'फक्त विकिपीडियासाठी परवानगी' किंवा 'धंद्यासाठी वापरू नये' ही अट कॉमन्सवर चालत नाही, फाइल उडते आणि ती उडाली की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, सगळ्या भाषांतल्या लेखांतून तिचं नाव काढून टाकतो. किल्ल्याची इमारत, चौकातला कायमचा पुतळा यांचे फोटो आपल्या कॉपीराइट कायद्यात बसतात, भिंतीवरच्या नव्या चित्रांचे मात्र नाही, हे बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

लेखात फोटो लावताना फाइलच्या नावापुढं नुसतं 'इवलेसे' (छोट्या आकारात दाखवायची खूण) लिहिलं तरी पुरतं, ५०० पिक्सेल वगैरे ठोकून दिलं की वाचणाऱ्यानं स्वतःच्या सेटिंगमध्ये जो आकार निवडलाय त्याला काही अर्थच उरत नाही. आणि कॉमन्सवर मराठीत एका ओळीची माहिती लिहायची सोय आहे ती वापरा हो, आपल्याच किल्ल्यांच्या फोटोंखाली फक्त इंग्रजी वाचून फार वाईट वाटतं.

कॉलेजांमधून विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात, त्यात फोटो अपलोड करायला शिकवतात. त्यांना कळकळीची विनंती, पहिला फोटो चढवण्याआधी मुलांना अर्धा तास फाइलचं पान नीट उघडून दाखवा, लायसन्स, इतिहास आणि ती वापराची यादी, सगळं.

आपला,
एक विकिपीडिया संपादक, पुणे