नेहाइमच्या बायांचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंग कमांडर गाय गिब्सन यांच्यावरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. सिमल्यात जन्मलेले हे ब्रिटिश वैमानिक दुसऱ्या महायुद्धात, १६ मे १९४३ च्या रात्री, १९ लँकेस्टर विमाने घेऊन जर्मनीची धरणे फोडायला निघाले, तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते. त्यांच्या धैर्याबद्दल लेखात आले आहे त्यातला शब्दही मी कमी करणार नाही. पाण्यापासून जेमतेम ६० फुटांवरून, तोफांच्या तोंडावर जायचे. आणि आपला बॉम्ब टाकून झाला तरी परत फिरायचे नाही, मागून येणाऱ्यांसोबत पुन्हा धरणावर यायचे, गोळ्या आपल्या अंगावर ओढून घ्यायला. १३३ जणांपैकी ५३ मारले गेले.

माझी उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून त्या बॉम्बचे मला फार अप्रूप. दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभे असते, वरून मारा करून ते सहसा हलत नाही. ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांचा पिंपासारखा बॉम्ब मिनिटाला ५०० फेरे उलटा फिरत पाण्यावर टप्पे घ्यायचा, भिंतीला टेकून ३० फूट खाली उतरायचा आणि मग फुटायचा. भोवतालचे पाणीच स्फोटाचा जोर भिंतीवर लोटायचे. त्या धरणांपैकी म्योने धरण पाचव्या बॉम्बने फुटले.

लेखही तिथेच संपतो. खालच्या खोऱ्यात किमान १३०० माणसे बुडाली, त्यावर एक ओळ नाही. त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी होते. त्याच खोऱ्यातल्या नेहाइम गावच्या छावणीत सोव्हिएत प्रदेशातून धरून आणलेल्या शेकडो बाया होत्या. हिटलरने वेठीला धरलेल्या, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्याच बाजूच्या. त्या वाहून गेल्या. भिंत मात्र त्याच वर्षी पुन्हा बांधून झाली.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्यात आमचे नारायण पेठेतले घर गेले. पाणी दिवसाउजेडी आले म्हणून आम्ही जिवंत राहिलो. म्योनेचे पाणी मध्यरात्रीनंतर सुटले होते.

१९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने धरणांवरच्या अशा हल्ल्यांना सर्वसाधारणपणे मनाई केली. लेखात हेही यायला हवे होते. पुढच्या मे महिन्यात या मोहिमेवर पुन्हा लिहाल, तेव्हा गिब्सन यांच्या छायाचित्राच्या पानावरच नेहाइमचे नाव आणि तो आकडा छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त अभियंता, पुणे