मोत्या आता इथंच राहील

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, हे आधी तुम्हालाच सांगते, आई समजून घेईल. मोत्या आता जांबोटीला परत येणार नाही, आमच्याकडे बेळगावात, टिळकवाडीतच राहील. आम्ही दोघांनी ठरवलंय. रागवू नका. तुम्ही त्याला सांभाळू शकत नाही, असं मी म्हणत नाही. पण ससा दिसल्यावर त्यानं हिसका दिला आणि तुम्ही बांधावरून खाली आलात, त्या गुडघ्यावर आता दुसरा मार नको. त्याचाही दोष नाही. कारवानी जात ती, नजरेनं शिकार धरणारी. काही हललं की आधी पाय सुटतात, हाक मागनं ऐकू येते. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी ही जात कशी जोपासली, पंचम जॉर्ज बादशहाला कुत्री कशी भेट दिली, हे तर तुम्हीच सांगत आलात. शिवाय बिबट्या गोठ्यापर्यंत येतो. मोत्या ओसरीवर असला की आईला रात्रभर डोळा लागत नाही, ती बोलत नाही एवढंच.

इथं त्याचं बरं चाललंय. नाचणीची भाकरी, अंडं, दुपारी ताक-भात. जिन्याखाली तुमची जुनी घोंगडी अंथरलीय, तिच्यावरच झोपतो, दुसरं काही घातलं तर ओढून टाकतो.

पळायचं तेवढं अडतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर साखळीनं फिरवते, पण तिथं पोरं खेळतात, वयस्कर माणसं चालायला येतात, सोडता येत नाही. म्हणून आम्ही कुत्री पाळणाऱ्यांनी मिळून महापालिकेकडे कुत्र्यांच्या मैदानासाठी अर्ज दिलाय. उंच जाळीचं कुंपण हवं, एकामागं एक दोन दारं हवीत, म्हणजे एक उघडलं तरी कुत्रं रस्त्यावर जात नाही. लहान कुत्र्यांना वेगळा भाग. रेबीजच्या लसीचं कार्ड बघूनच आत सोडायचं, घाण मालकानंच उचलायची. माणसांना बागा पुरत नाहीत तिथं कुत्र्यांचे कसले लाड, असं काहीजण म्हणतात. मला हे लाड वाटत नाहीत. कुत्री कुंपणात पळाली तर बाहेर चालणाराही निर्धास्त राहील.

तोवर शेजारच्या काकांच्या कंपाउंड घातलेल्या प्लॉटवर त्याला सोडते. परत बोलवायला तुमच्यासारखी शीळ घालते. त्या शिळेवर मी आणि पहिला मोत्या भातातनं धावत यायचो, आणि तुम्ही आधी मला उचलायचात. अजून आठवतं बाबा.

आता ऐका. बांधावर एकट्यानं जायचं नाही, काठी घ्यायचीच. आई, अंधार पडल्यावर गोठ्यात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नकोस. दारात येणाऱ्या कुत्र्यांना घास घाला, पण कुणी चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद-चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी खानापूरला सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, आणि सगळे डोस पुरे करायचे.

गणपतीला मोत्याला घेऊन येते. बाबा, तो तुमच्याच पायाशी झोपू दे. फिरवायला मात्र मी नेणार.

तुमची,
लेक