शकूस, इस्रायलमधल्या लोडहून

प्रिय शकू,

गुडघे आहेत तसेच, साखर कंट्रोलमध्ये, ते सोड. एक गोष्ट झालीय, ती तुलाच कळेल.

नातीचं लग्न ठरलं. रब्बींच्या, म्हणजे आमच्या ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीत नोंदणीला गेलो तर टेबलामागच्या माणसाने आधी पोरीच्या आईची चौकशी केली, मग माझी, आणि म्हणाला आजीची केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आणा. का, तर आजी हिंदुस्थानातली. केतुबा आहे गं, अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमधली, तूच तर तेव्हा माझा पदर सावरत होतीस. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, घडीवर जरा फाटलीय पण साक्षीदारांच्या सह्या स्वच्छ दिसतात. द्यायला हातच होत नाही.

मोशेकाका आठवतो ना? तो इथे होता तेव्हा, 1962 ला, मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंचं, बाकीच्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आज्या-पणज्या तपासा. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला ज्यू एजन्सीच्या आवारात पोराबाळांसकट धरणं धरून बसली, काकाही त्यात. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, जाहीर केलं की हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, मग रब्बींनी फर्मानातून आमचं नाव काढलं आणि ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी करा एवढं ठेवलं. नाव गेलं, शंका राहिली, आणि ती कुणावर घ्यायची ते हा टेबलामागचा माणूस ठरवणार!

सातवीत भांडताना तू मला शनिवार तेलीण म्हणालीस आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं, आठवतं? अगं पण आता वाटतं, शनिवारी आमचे घाणे बंद असतात हे नागाव-रेवदंड्यापर्यंत पोराटोरांना माहीत होतं, हिब्रू येत नव्हतं तेव्हासुद्धा आमच्या लोकांनी शब्बाथ, शनिवारचा विसावा, सोडला नाही, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

लेक म्हणते, आई, कागदच मागतायत ना, दे आणि मोकळी हो, हॉल बुक झालाय. तिचंही खरंय, नातीच्या डोळ्यांत पाणी मला बघवत नाही. पण मी दिला की उद्या तिच्या मुलीकडेही मागतील. काका त्यासाठी उन्हात बसला होता का?

मेहंदीच्या आधी मलिदा, आमचा प्रसादाचा विधी, ठेवलाय, पोहे तिखट नाही गोडच, तू असतीस तर ताटातले खजूर आधीच संपवले असतेस. भाऊजींचं मोतीबिंदूचं झालं का? आणि सुनेला नोकरी लागली का गं?

केतुबा देऊ की नको, ते फोनवर सांग. माझ्या मनासारखं बोलू नकोस, तुला वाटेल ते बोल.

तुझी,
रिव्का