सड्यावरचा बेडूक आणि आमचा सातबारा: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, यापुढे गाडी चढणार नाही आणि तिथले बेडूक चिरडू नयेत म्हणून पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर आपल्या खात्याचा माणूस उभा राहील, असा शब्द गेल्या वर्षी सरकारी बैठकीत आम्हाला मिळाला होता. चहा-बिस्किटंही मिळाली होती. यंदा मे महिन्यात त्याच सड्यावर सुशोभीकरणाचे पेव्हर ब्लॉक बसले, मधोमध सेल्फी पॉइंट. काम कुठल्या खात्याचं हे विचारायला गेलो, तर या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब रजेवर आहेत, एवढी खरी माहिती शेवटी शिपायाने दिली.

दगडात काय जपायचं, असं आपल्याला वाटेल. या जांभ्यात उथळ खळगे असतात. पहिल्या जोरदार सरीने ते भरले की सुट्या दगडांखालून अंगठ्याएवढे बेडूक निघतात, नर पिवळेजर्द. त्या चार बोटं पाण्यात अंडी घालायची आणि मोजक्या दिवसांत सगळं आटोपायचं. मध्येच उघडीप पडली तर अंडी वाळून जातात. यंदा पावसाने दगा दिला नाही. खळग्यांत ब्लॉकखाली पसरायची कच भरलेली होती, आणि उरलेल्या एका खळग्यातून गाडी गेलेली. टायरच्या नक्षीत चिकटलेली अंडी मी बॅटरीच्या उजेडात पाहिली.

‘बेडूक काय हो, गटारातही असतात!’ असं एक साहेब हसून म्हणाले. हा गटारात नसतो, साहेब. 2009 साली शास्त्रज्ञांनी ही नवी प्रजाती म्हणून नोंदवली, झँथोफ्रिन टायग्रिना. तिच्यासाठी जीनससुद्धा, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गटही, नवा काढला. त्यात अख्ख्या जगात दोनच जण: आमचा आणि कोयनेचा. कोयनेचा 1963 पासून बुफो या जुन्या, मोठ्या जीनसच्या गर्दीत बसवला होता, त्यालाही तेव्हाच बाहेर काढून इथे आणलं. आमच्याचा मुलूख म्हणजे आंबोली आणि आसपासचा घाटमाथा, संपलं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लेखी तो अतिसंकटग्रस्त. त्याचा सडा मात्र सरकारी दप्तरात पोटखराब, म्हणजे पिकाला निरुपयोगी!

बेडकाचं वर्गीकरण तरी झालं. आमचं? आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर प्रश्न आपल्याला ठाऊक असेलच, दर निवडणुकीला तो सुटतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, सातबाऱ्यावर नाव सरकारचं. माझ्या घराचं छप्पर गळतंय. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कुणी साडेसात म्हणतं, निम्मा माझ्या माजघरात पडत असावा. बँक म्हणते सातबारा आणा. तलाठी म्हणतात वनसंज्ञा आहे, म्हणजे जमिनीवर कागदोपत्री जंगलाचा शिक्का. मुलगा कंटाळून गोव्याला कामाला गेला. मला चार पत्रे बदलायला बंदी, आणि सड्यावर ट्रकभर ब्लॉक उतरताना ही वनसंज्ञा कुठे दडी मारून बसली होती?

पश्चिम घाटाचा कुठला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवायचा, त्याचंही तेच. 2011 ला गाडगीळ समितीचा अहवाल, 2013 ला कस्तुरीरंगन यांचा, 2014 पासून नुसत्या मसुदा अधिसूचना. 31 जुलै 2024 ला सहावा मसुदा निघाला, त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर. ते केंद्राचं काम, असं आपण म्हणाल. मग गावं वगळा म्हणून दिल्लीला कोण सांगत होतं? आम्हाला संवेदनशील करायचं तर करा, नाहीतर सोडा; पण एकदा काय ते ठरवा. या अर्धवट कारभारात फावतं फक्त प्लॉटवाल्यांचं.

इथेच आंबोलीत, हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडणाऱ्या माशासाठी 2021 मध्ये 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. चांगलंच झालं. बेडकाने काय घोडं मारलंय? सड्यालाही तोच दर्जा द्या, ब्लॉक उखडा, खळग्यांतली कच हाताने काढून घ्या. हाताने म्हटलंय, जेसीबी पाठवू नका. कधी करणार ते लेखी कळवा. पोर्टलवर तक्रार नोंदवा असं सांगू नका, पावसात आमच्याकडे रेंज नसते.

आपला,
एक कबुलायतदार गावकर, आंबोली